शुगर लो झाली तर रूमवर कुणाला माहीत आहे?

बीड, धाराशिवकडच्या गावांतून शिकायला लातूरला किंवा संभाजीनगरला आलेल्या पोरापोरींत काही जणांना टाइप-१ मधुमेह असतो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. मग इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. १९२२ साली टोरोंटोत एका मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी या आजाराची पोरं वाचत नसत.

घरी असताना सुई आणि जेवणाची वेळ आई सांभाळते. रूमवर मेसचा डबा उशिरा येतो. सुई घेतली आणि जेवण राहिलं, की साखर ७० च्या खाली उतरते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, माणूस विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलतो. मेंदूलाच साखर कमी पडत असल्यानं बऱ्याचदा त्याचं त्याला कळत नाही. कळतं ते शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा, एवढं तिला आधीच सांगून ठेवलेलं हवं.

घरच्यांच्या मायेचं जरा अवघड आहे. "शुगर किती आली? भात खाल्लास का?" असं रोज फोनवर विचारलं, की पोरं खोटे आकडे सांगायला लागतात. ज्या घरात आजारावरून सतत वाद होतात, तिथल्या मुलांची साखर जास्त बिघडलेली असते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मानसशास्त्रज्ञ नियाल बोल्गर यांनी २००० साली न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास मांडला. जोडीदारानं केलेली, पण घेणाऱ्याच्या लक्षातही न आलेली मदत मनाला जास्त मानवली होती. मे महिन्यात पारा ४२ वर गेलेला, लाइट गेलेली, अशा वेळी उष्णतेनं इन्सुलिन खराब होऊ नये म्हणून वडील न बोलता माठात गार पाणी भरून त्याची डबी त्यात ओल न लागेल अशी ठेवतात. मला ही मदत दहा फोनांहून मोलाची वाटते.

मुलीचं स्थळ बघायला सुरुवात झाली, की हाच आजार झाकला जातो. मग सासरी ती मोरीत लपून सुई घेते, पाहुणे असले की तेवढंही जमत नाही. डोस चुकत गेले की रक्तात आम्ल साचतं आणि जिवावर बेततं. सोयरीक ठरण्याआधीच सगळं सांगावं, असं माझं ठाम मत आहे. इन्सुलिन कुठं ठेवायचं, शुगर लो झाली तर काय पाजायचं, हे होणाऱ्या नवऱ्याला तिनं स्वतः दाखवावं, आणि सासूलाही.