आंब्याच्या साली मुरघासात घालायच्या का?
(मुरघास म्हणजे हवाबंद ठेवून मुरवलेला हिरवा चारा; त्याची बॅग घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती)

कॅनिंगचा हंगाम सुरू झाला की बॅग न्यायला येणारे बरेच जण विचारतात, "पल्पच्या कारखान्यातून साली फुकट मिळतायत, मुरघासात टाकू का?"

तुम्ही मका भरत असाल तर नको. दाणे चिकात असताना कापलेल्या मक्यात मुरायला लागेल एवढी साखर मुळातच असते. साली घातल्या तर पाणी तेवढं वाढतं. नेपियर (हत्ती गवत), गिनी गवत किंवा चवळी भरणार असाल, तर मात्र जरूर घाला.

बॅगेतली हवा संपली की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू चाऱ्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास उतरला की कुजवणारे जंतू थंडावतात आणि चारा टिकतो. नेपियरमध्ये ही साखर कमी पडते. आम्ल उशिरा तयार होतं, तोवर दुसरे जंतू हात मारतात आणि बॅग उघडल्यावर नाक धरायची वेळ येते. म्हणून तर आपण नेपियरला गूळ किंवा मळी लावतो. पिकलेल्या आंब्याची साल तेच काम करते. साली घातल्यात तर गूळ वगळा. दोन्ही घातलं की यीस्टला रान मोकळं मिळतं, चाऱ्याला दारूचा वास येतो आणि उघडलेली बॅग लवकर तापते.

खरी अडचण पाण्याची आहे. सालीत साधारण ८० टक्के पाणी, कोवळ्या नेपियरमध्येही जवळपास तेवढंच. मुरघासाला ६५ ते ७० टक्केच ओलावा हवा. जास्त झाला तर बॅगेच्या तळाशी रस साचतो आणि पोषण त्यातून वाहून जातं. आपल्याकडे यावर सोपा उपाय म्हणजे भाताचा पेंढा. १ टनाच्या बॅगेसाठी हिशेब असा धरा: नेपियरची कुट्टी ७०० किलो, साली १५० किलो, कोरड्या पेंढ्याची कुट्टी १५० किलो. यात ओलावा ७० टक्क्यांच्या जवळ बसतो. नेपियर कापून अर्धा दिवस उन्हात सुकवलंत तर पेंढा थोडा कमी चालेल. वजनकाटा नसेल तर मिश्रण मुठीत घट्ट दाबून सोडा. बोटांमधून पाणी गळलं तर पेंढा वाढवा. गोळा सावकाश सुटला आणि हात नुसता ओलसर झाला तर भरायला हरकत नाही.

साली त्याच दिवशीच्या घ्या. मे महिन्यात रात्रभर पडलेल्या ढिगावर सकाळी चिलटं आणि बुरशी दोन्ही असतात. कारखान्यात कोयी वेगळ्या काढून मागा, कारण अख्खी कोय जनावराच्या घशात अडकू शकते आणि आतल्या गरात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं. टाक्या धुतल्याचं सोड्याचं पाणी मिसळलेला माल फुकट असला तरी घेऊ नका.

भरताना साली एका जागी ओतू नका. कुट्टी, साली, पेंढा असं खाली मिसळून मगच बॅगेत टाका. तळाला मात्र नुसत्या पेंढ्याचा वीतभर थर द्या. दर थराला पायांनी तुडवा, कोपरे विशेष. बॅग भरून त्याच दिवशी तोंड बांधा. कोकणात जूनच्या पावसात मुरघासाच्या खड्ड्यात पाणी झिरपतं, त्यामुळे आम्ही बॅगच सुचवतो (आमचा धंदाच तो आहे, पण हे खरंही आहे). बॅग फळीवर, पत्र्याखाली ठेवा. गोड वासाला उंदीर हमखास येतात. आठवड्याला एकदा चारी बाजूंनी बघा आणि भोक दिसलं की लगेच चिकटपट्टी लावा.

४५ दिवसांनी उघडा. पहिल्या दिवशी मोठ्या जनावराला २ ते ३ किलोच द्या आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. शक्यतो धार काढून झाल्यावर द्या, म्हणजे दुधाला वास लागत नाही. एक लक्षात ठेवा: सालीत प्रथिनं फारशी नाहीत, पेंढ्यात तर त्याहून कमी. साली घातल्या म्हणून पेंड किंवा आंबोण कमी केलंत तर दूध उतरेल. ताज्या साली थेट गव्हाणीत पाट्याच्या पाट्या ओतणं तर टाळाच. एवढी साखर एकदम पोटात गेली की जनावराच्या पोटात आम्ल वाढून अपचन (ॲसिडोसिस) होतं, रवंथ बंद पडतो.

अननस पिकवणाऱ्यांसाठी: अननसाच्या साली आणि शेंडे यांचा मुरघास करण्याची पद्धत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या बंगळुरूच्या पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने तयार केली आहे. तिथेही आधी ओलावा उतरवायचाच असतो. काजूची बोंडं चालतात, पण ती तुरट असल्याने प्रमाण सालींपेक्षा कमी ठेवा.

बॅग उघडल्यावर रंग पिवळसर-हिरवा आणि वास आंबूस हवा. काळपट, चिकट किंवा बुरशी आलेला भाग काढून उकिरड्यावर टाका. गाभण जनावराला तर तो चुकूनही देऊ नका. शंका असेल तर बॅगेच्या मधला मूठभर मुरघास पिशवीत बांधून दुकानात आणा. पीएचची पट्टी लावून लगेच सांगतो, त्याचे पैसे नाहीत. पट्टीवर ३.८ ते ४.२ आलं तर निर्धास्त घाला. ५ च्या वर असेल तर आधी आम्हाला बाकीची बॅग बघू द्या.