पांढरी कॉलनी उचला, निळी सोडा

जीन क्लोनिंग, म्हणजे एखादा जीन बॅक्टेरियात घालून त्याच्या कॉपीज काढणं, म्हटलं की सगळ्यांना कापणं-चिकटवणंच आठवतं. पण लॅबमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, खरी डोकेदुखी शोधण्यात असते. प्लेटवर कोट्यवधी बॅक्टेरिया, त्यातल्या मोजक्यांमध्येच तुमचा जीन गेलेला, आणि दिसायला सगळे सारखेच. आता ओळखायचे कसे? प्लाझ्मिड व्हेक्टरची (व्हेक्टर म्हणजे जीन पेशीत नेणारं वाहन) अर्धी करामत याच प्रश्नासाठी आहे असं माझं मत.

प्लाझ्मिड म्हणजे बॅक्टेरियाच्या मुख्य क्रोमोसोमपासून वेगळी राहणारी डीएनएची छोटी गोल कडी. पेशीच्याच यंत्रणेवर ती आपल्या कॉपीज काढून घेते, त्यामुळे तिच्यात आपला तुकडा बसवला की त्याच्याही कॉपीज फुकटात निघतात. १९७३ मध्ये अमेरिकेत स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बोयर यांनी हे करून दाखवलं, प्लाझ्मिडचं काम कोहेनकडे आणि ईकोआरआय नावाचं कापणारं एन्झाइम बोयरकडे, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बेडकाचा डीएनएसुद्धा ई. कोलाय या बॅक्टेरियात घातला.

आता पीयूसी१९ घ्या, लॅबमध्ये सर्रास वापरला जाणारा व्हेक्टर, फक्त २,६८६ बेस पेअर्सचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या). ईकोआरआय जीएएटीटीसी ही अक्षरं जिथे दिसतील तिथे कापतं आणि दोन्ही टोकांना चार अक्षरांची शेपटी लोंबकळत ठेवतं, तुमचा जीनही त्याच एन्झाइमने कापला असेल तर शेपट्या एकमेकींना बरोबर जुळतात, मग लायगेज हे चिकटवणारं एन्झाइम टाकून सांधा पक्का करायचा. गंमत अशी की प्लाझ्मिडची स्वतःची दोन टोकंही एकमेकांना तशीच जुळतात, म्हणजे बऱ्याच कड्या काहीही न घेता रिकाम्याच बंद होतात.

नंतर कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवलेल्या गार पेशींना प्लाझ्मिडसोबत ४२ अंशांचा थोडा वेळ झटका द्यायचा आणि पुन्हा बर्फात. एवढं करून प्लाझ्मिड आत घेणाऱ्या पेशी फारच थोड्या.

म्हणून पहिली चाळणी अँपिसिलिनची. प्लाझ्मिडवर या अँटिबायोटिकला तोंड देणारा जीन असतो, तो ज्यांना मिळाला नाही त्या पेशी वाढतच नाहीत. (प्लेट जास्त वेळ ठेवली तर मोठ्या कॉलनीभोवती (कॉलनी म्हणजे एका पेशीपासून वाढलेला बॅक्टेरियांचा ठिपका) बारीक बारीक कॉलन्या उगवतात, त्या उचलू नका! मोठीने आसपासचं अँपिसिलिन खाऊन टाकलेलं असतं आणि या नुसत्या तिच्या जिवावर वाढतात.)

पण रिकामी कडी घेतलेले बॅक्टेरियाही जगतातच की, त्यांचं काय? इथे दुसरी चाळणी, आणि ही मला फार आवडते. जीन बसवायची जागा मुद्दाम लॅकझेड नावाच्या जीनच्या तुकड्यात ठेवलीय. तो तुकडा शाबूत असेल तर प्लेटमधल्या एक्स-गॅल या रसायनाचं निळ्या रंगात रूपांतर होतं, मधे तुमचा डीएनए घुसला की तो मोडतो आणि कॉलनी पांढरी राहते. अर्थात पांढरी म्हणजे शंभर टक्के बरोबर असं नाही, आत नेमकं काय बसलंय ते सिक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून, बघावंच लागतं.

इन्सुलिनची गोष्टही याच वाटेने गेली. १९७८ मध्ये इन्सुलिनच्या दोन साखळ्यांचे जीन वेगवेगळ्या प्लाझ्मिडमध्ये बसवले, तेही बॅक्टेरियाच्या त्याच लॅकझेडच्या शेपटाला जोडून. नंतर सायनोजेन ब्रोमाइडने त्या साखळ्या सोडवून घेतल्या, कारण हे रसायन मेथिओनिन या अमिनो आम्लापाशी प्रथिन तोडतं आणि मानवी इन्सुलिनमध्ये मेथिओनिन नाहीच, त्यामुळे इन्सुलिनला धक्का नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं, त्याआधी सगळी भिस्त डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडावर.

आणि २०२१ मध्ये आपल्याकडे मंजूर झालेल्या झायकोव्ह-डी या कोविड लसीत तर प्लाझ्मिडच थेट माणसाला दिला गेला. अशा वापरात मात्र अँपिसिलिनचा जीन शक्यतो टाळतात आणि कॅनामायसिनचा वापरतात, कारण अँपिसिलिन ज्यात मोडतं त्या पेनिसिलिन गटाची ॲलर्जी असणारी माणसं बरीच असतात.