आजोबा पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यातले, म्हणून नातू आपोआप पोर्तुगीज?

‘आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले असतील, तर नातवंडं आपोआप पोर्तुगीज नागरिक’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. हक्काचा धागा खरा आहे, ‘आपोआप’ मात्र नाही. गोव्यातल्या कुटुंबांची नेहमीची वाट अशी: आधी आजोबांचा जन्म पोर्तुगालच्या दप्तरी नोंदवायचा, मग आईचा किंवा वडिलांचा, त्यानंतर नातवाचा. घोडं अडतं ते नावांत. एका कागदावर ‘कामत’, दुसऱ्यावर ‘कामोतीम’. म्हणून अर्जाआधी जन्माचे आणि लग्नाचे जुने दाखले काढून शेजारी ठेवून वाचा.

आणि मेसेजमध्ये कधीच नसलेली, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्वतः वाचा. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) मिळालं तरी मतदानाचा हक्क परत मिळत नाही.