जुन्या जोडीत अचानक मारामारी का होते?

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये क्लाऊनफिशची जोडी तीन-चार वर्षं शांत राहते आणि एके दिवशी त्यातल्या एकाचे पर फाटलेले दिसतात. पाणी तपासावं तर क्षारता ठीक, अमोनिया नाही. दुसरा मासा मात्र त्याला कोपऱ्यात दाबून धरतो, खाण्याजवळ फिरकू देत नाही. ‘इतके दिवस तर गुण्यागोविंदानं राहत होते!’ असं म्हणून पाळणारा हळहळतो. माझ्या मते चूक या वाक्यातच आहे. ते मैत्रीनं राहत नव्हते, मोठ्या-लहानाच्या क्रमानं राहत होते.

समुद्रात क्लाऊनफिशचा छोटा गट एका समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या) आसऱ्यानं राहतो. सर्वांत मोठी ती मादी, तिच्याखालचा नर आणि त्याखाली वयात न आलेले लहान मासे. मादी मेली की नराची मादी होते आणि खालचा मासा नराची जागा घेतो. मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. फ्रिके या संशोधक दांपत्यानं १९७७ मध्ये हे लिंगबदलाचं कोडं मांडलं, तेव्हाच त्यामागची दादागिरी दाखवून दिली होती: वरचा मासा खालच्याला सतत दबावाखाली ठेवतो आणि त्या दबावामुळे खालच्याची मादी होत नाही.

पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्याजवळ केलेलं, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम मला त्याहून विलक्षण वाटतं. गटातला प्रत्येक मासा वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान असतो आणि हे अंतर टिकावं म्हणून तो स्वतःची वाढ आवरून धरतो! वरच्याच्या बरोबरीला आला तर त्याला समुद्रफुलाबाहेर हाकललं जाण्याचा धोका असतो, आणि बाहेर त्याला खाणारे टपलेलेच असतात.

आता टँककडे पाहू. मोठी मादी आजारी पडली म्हणून काही आठवडे हॉस्पिटल टँकमध्ये ठेवली, तर मागे उरलेल्या नरावरचा दबाव जातो. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की लिंगबदलात मेंदू आधी बदलतो. प्रजननग्रंथी कितीतरी मागे राहतात. म्हणजे अंडी घालण्याची क्षमता यायच्या आधीच मासा मादीसारखा वागू शकतो. बरी झालेली मादी परत आली की तिच्यासमोर जुना जोडीदार नव्हे, प्रतिस्पर्धी उभी असते. इतर काही प्रवाळमाशांत हा बदल याहूनही वेगानं होतो. सफाई करणाऱ्या रास माशांच्या गटातला नर नाहीसा झाला, की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी आक्रमक होते.

दगडांची मांडणी बदलली किंवा कमजोर मासा आजारी पडला, तरी हद्दी आणि क्रम विस्कटतात. अंडी घालण्याच्या दिवसांत तर जोडी पाळणाऱ्याच्या हातालाही चावते. समुद्रात हरलेला पळून जातो. तीन फुटांच्या काचेत पळायला जागा नसते, म्हणून तिथलं भांडण जिवावर बेततं.

अशा वेळी सहसा जखमी मासा बाहेर काढला जातो. जखमा खोल असतील तर तो काढावाच. पण दोघांना पुन्हा एकत्र ठेवायचं असेल तर बाजूला ठेवायचा तो मारणारा. मधल्या काळात दगड नव्यानं मांडावेत, म्हणजे तो परतेल तेव्हा ती जागा त्याचीही ओळखीची नसेल. आधी भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात ठेवून दोघांना एकमेकांना पाहू द्यावं.

डब्यापाशी एक खूण शोधावी. हार मानणारा क्लाऊनफिश मोठ्यासमोर अंग थरथरवतो, डोकं झटकतो. एक जरी थरथरत असेल तर जोडी सावरण्याची आशा आहे. दोघंही काचेवर धडका देत राहिले, तर बहुधा दोन्ही माद्या झालेल्या असतात. मग त्यांतल्या एकीसाठी कायमचा दुसरा टँक शोधावा लागतो.