बोळा, बोंडलं, बाटली: ‘वरच्या दुधा’ची पार्श्वभूमी

‘मी काय बोळ्याने दूध पितो का?’ असं आपण भांडताना सहज म्हणून जातो. पण तो बोळा म्हणजे नक्की काय, हे आमच्या घरात भाचीच्या बाळंतपणात सगळ्यांना एकदम आठवलं. सिझर झालेलं, तिसरा दिवस, दूध अजून नीट उतरलेलं नाही, बाळ रडून रडून लालबुंद आणि खोलीत तीन पार्ट्या. ताईचं म्हणणं पावडरच्या दुधाचा डबा आणा, नर्स म्हणतेय अजिबात नाही, अंगावरच लावत राहा, आणि माझी आई, वय वर्षं ८२, कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली, ‘अगं आम्ही बोळ्याने पाजायचो, त्यात एवढं काय?’ शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं की आधी अंगावर लावा, मग थोडं वाटी-चमच्याने वरचं द्या, आणि तसंच झालं. बाळ झोपलं, आणि भाची रडायला लागली. ‘मावशी, मी फेल झाले का गं?’

आता हे फेल-पास कुठून आलं ते शोधायला गेले आणि बरंच सापडलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी शब्दांचंच बघा. आपल्या जुन्या बायका आईच्या दुधाला ‘अंगावरचं दूध’ आणि बाकी कुठल्याही दुधाला ‘वरचं दूध’ असं म्हणायच्या, म्हणजे दूध कुणाचं ते त्यात कळायचं. ते पाजायचं कशाने, हा वेगळा प्रश्न, आणि त्याला वेगळी नावं. बोळा म्हणजे धुवट मऊ कापडाचा किंवा कापसाचा, दुधात भिजवून बाळाच्या तोंडात द्यायचा आणि बाळ चोखत राहायचं. बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटीशी वाटी, कुणाकडे पितळेची, ऐपत असली तर चांदीची. आमच्याकडे आईच्या माहेरचं चांदीचं आहे. त्याची चोच करंगळीच्या टोकापेक्षा अरुंद, आणि चोच जिथे वाटीला मिळते तिथे आतून एक खाच आहे, दूध नेमकं तिथेच चिकटून राहतं. आई सांगते की ते उकळायचंच, पण त्याआधी काडीला चिंधी गुंडाळून ती खाच आतून पुसायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास मारणार. दक्षिणेत ह्याच वस्तूला पालाडै म्हणतात, आणि आज आपल्याकडे एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, कमी दिवसांच्या बाळांना स्टीलच्या पालाडैने दूध पाजतात. म्हणजे पणजीचं बोंडलं दवाखान्यातून परत आलं.

आणि अंगावरचं अधिक वरचं हे कॉम्बिनेशन तर फारच जुनं. सुश्रुताच्या शारीरस्थानात दहाव्या अध्यायात सांगितलंय की आईचं दूध पुरेसं होईपर्यंत बाळाला शेळीचं किंवा गाईचं दूध मात्रा बघून द्यावं. ‘पुरेसं होईपर्यंत’ आणि ‘मात्रा बघून’, हे दोन शब्द वाचून मी दोन मिनिटं थांबले, कारण भाचीच्या डॉक्टरांनी जवळजवळ हेच सांगितलं होतं. दुसरा मार्ग होता दूध-आईचा. संभाजीराजांना सईबाईंच्या आजारपणामुळे कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी दूध पाजलं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तिथे सईबाई कमी पडल्या असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पण जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. बाळ जन्मल्या जन्मल्या मध चाटवायचे (लहान बाळांना मध धोक्याचा असतो, वर्षाच्या आत देऊ नये हे आता नक्की झालंय), आणि पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, तो खराब समजून पिळून टाकायचे. मला ह्याचं कायम आश्चर्य वाटतं, गाईचा चीक गवळ्याकडे सांगून ठेवून आणायचा, वेलची-केशर घालून खरवस करून मिटक्या मारत खायचा, आणि बाळाच्या आईचा चीक मात्र मोरीत. त्यातच न उकळलेलं पाणी, उन्हाळ्यात नासणारं दूध, बोळ्यावर बसणाऱ्या माशा. वरच्या दुधावरची किती बाळं जुलाबाने गेली असतील ह्याची गणती कुणी ठेवली असेल असं वाटत नाही.

डब्याची गोष्ट मात्र तिकडे युरोप-अमेरिकेत सुरू होते. रबरी निपलचं पेटंट अमेरिकेत १८४५ मध्ये एलायजा प्रॅटने घेतलं. १८६५ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिगने आईच्या दुधाच्या जागी द्यायचं बाळान्न तयार केलं, आणि १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्लेने दूध, गहू आणि साखर ह्यांचं पीठ बाजारात आणलं. त्याच काळात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीच्या बाटल्या आल्या. नळीचं एक टोक बाटलीत आणि दुसरं बाळाच्या तोंडात, आई बाजूला आपलं काम करायला मोकळी. ती नळी आतून धुताच यायची नाही, आणि त्या बाटल्यांना पुढे नावच पडलं, मर्डर बॉटल. माझ्या आईची काडी-चिंधी त्यांना कुणी सांगितली नव्हती बहुतेक.

आपल्याकडे डबा बोटीने आला. न्यूझीलंडची दुधाची पावडर ग्लॅक्सो, जिचं नाव १९०६ मध्ये नोंदवलं गेलं, आणि १९२४ मध्ये मुंबईत तिच्या वितरणासाठी कंपनी निघाली. जाहिरातीत गुटगुटीत गोरं बाळ. गुटगुटीत म्हणजे तब्येत चांगली, हे समीकरण आपल्या डोक्यात आधीपासून होतंच, त्या बाळाने ते पक्कं केलं असं माझं मत.

मात्र त्याच मुंबईत गिरणगावात डबा परवडण्याचा प्रश्नच नव्हता. गिरणीत जाणारी बाई बाळाला घरी ठेवून जायची, आणि दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी द्यायची, ह्याच्या नोंदी त्या काळातल्या सरकारी रिपोर्टांत आहेत. बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून मुंबई विधिमंडळात विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले, आणि १९२९ मध्ये बॉम्बे मॅटर्निटी बेनिफिट अ‍ॅक्ट झाला. दूध पाजण्याचा इतिहास लिहिताना लोक बाटलीवर पानंच्या पानं लिहितात आणि रजेवर दोन ओळी. खरं तर उलटं हवं, आई आठ-दहा तास बाळाजवळ नसेल तर वरचं दूध हा काय चॉइस असतो होय?

आणखी एक गोष्ट त्या काळात आली, घड्याळ. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग ह्यांचा नियम होता की बाळाला चार-चार तासांनीच पाजायचं, रात्री नाही, मध्ये रडलं तर रडू दे. ही घड्याळाची शिस्त इंग्रजी पुस्तकांतून आणि डॉक्टरांकडून शिकल्या-सवरल्या घरांतही आली. आता ह्यात गोची अशी की आईचं दूध हे ओढलं जातं तसं तयार होतं. बाळ जेवढं पितं किंवा जेवढं पिळून काढलं जातं तेवढं शरीर पुढच्या वेळेसाठी बनवतं, आणि साठून राहिलं तर उत्पादन कमी करतं. त्यात रात्रीचं पाजणं जास्त कामाचं, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. मग घड्याळ लावून रात्रीचं बंद केलं की दूध आटणार, दूध आटलं की डबा येणार, डब्याने पोट भरलं की बाळ अंगावर कमी ओढणार, की दूध अजून आटणार. आणि शेवटी सगळे म्हणणार, हिला दूधच नव्हतं!

स्वातंत्र्यानंतर डबा देशी झाला. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ म्हणत होते, ती गुजरातेत आणंदला अमूलचे इंजिनिअर एच. एम. दलाया ह्यांनी करून दाखवली आणि १९५५ मध्ये तिथे पावडरचा कारखाना सुरू झाला. पुढे म्हैसूरच्या सीएफटीआरआय ह्या सरकारी अन्न-संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळान्न बनवायची पद्धत काढली आणि अमूलने ते बाजारात आणलं. आई सांगते की माझ्या वेळी डबा सहज मिळायचा नाही, ओळखीच्या केमिस्टकडे सांगून ठेवावं लागायचं, आणि रिकाम्या डब्यांत मग रवा, साबुदाणा, पोहे. आमच्या मांडणीवर चारही डब्यांवरून एकच बाळ हसत असायचं. आणि डबा महाग म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त, हे तर घरोघरी. दूध दिसायला पांढरंच दिसतं, पण बाळाचं वजन वाढत नाही.

नेमकं हेच जगभर गरीब देशांत चाललं होतं. सिंगापूरमध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स ह्यांनी १९३९ मध्येच तिथल्या रोटरी क्लबसमोर भाषण करून अशा बाळमृत्यूंना सरळ खून म्हटलं होतं. १९७७ मध्ये अमेरिकेत, गरीब देशांत डबा खपवण्याच्या पद्धतीवरून, नेस्लेवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत डब्याच्या मार्केटिंगवर आचारसंहिता मंजूर झाली, ११८ विरुद्ध १ मतांनी, तो एक म्हणजे अमेरिका. भारताने १९८३ मध्ये आपली संहिता केली, पण संहितेला दात नसतात. मग डॉक्टर आणि कार्यकर्ते मागे लागले. त्यात मुंबईची अ‍ॅकॅश ही ग्राहक संस्था होती, आणि बीपीएनआय हे स्तनपानासाठीचं देशव्यापी नेटवर्क तर १९९१ च्या डिसेंबरात आपल्या वर्ध्यात स्थापन झालं. १९९२ मध्ये कायदा झाला, १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला, २००३ मध्ये अजून कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात बंद, फुकट सॅम्पल बंद, दवाखान्यात पोस्टर बंद, आणि डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो छापायचा नाही. आईचं दूध सर्वोत्तम हे मात्र मोठ्या अक्षरांत छापायचंच.

ह्याच्याही आधी, १९८९ मध्ये, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी आशियातली पहिली मानवी दुधाची बँक सुरू केली होती. कमी दिवसांच्या बाळाला आईचं पुरत नसेल तर दुसऱ्या आयांचं, तपासून आणि पाश्चराइझ करून दिलेलं. ही धाराऊच म्हणायची, फक्त फ्रीजमधली.

मग ‘मिक्स फीडिंग’, म्हणजे अंगावरचं अधिक वरचं, ह्या शब्दाला एवढा वाईट वास का आला? त्याचं एक मोठं कारण आफ्रिकेत आहे. एचआयव्ही असलेल्या आयांच्या बाळांचा डरबनमध्ये अभ्यास झाला, तो १९९९ मध्ये छापून आला, आणि त्यात दिसलं की नुसतं अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा मिक्स पिणाऱ्या बाळांना लागण जास्त होती. तेव्हा औषधं आजच्यासारखी हाताशी नव्हती, त्यामुळे ती इशाऱ्याची घंटा बरोबरच होती. पुढे २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने चार ते सहा महिन्यांऐवजी पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध असं सांगितलं. घाण पाणी, पातळ पावडर, एचआयव्ही, कंपन्यांची चलाखी, ही सगळी वेगवेगळी कारणं पत्रकावर येईपर्यंत एकाच ओळीत बसली: बाटली नको. आपल्या एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती, त्याआधीच्या पाहणीत ५४.९. ही वाढ चांगलीच आहे. पण उरलेल्या छत्तीस टक्क्यांना वरचं कसं द्यायचं, पाणी किती गरम, अंगावरचं टिकवायचं कसं, हे कोण सांगणार? कंपनीने सांगायचं नाही हे योग्यच, पण मग नर्सही घाबरून बोलत नाही आणि ते काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतं.

आणि माझी खरी तक्रार शब्दावर आहे. ‘बाटलीचं दूध’ असं म्हणायला लागल्यापासून भांडं आणि दूध ह्यांची खिचडी झाली. ब्रेस्ट पंप घ्या. एडवर्ड लास्कर नावाच्या बुद्धिबळपटूने, हो बुद्धिबळपटूनेच, १९२० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं होतं, पण घरात वापरायचे छोटे इलेक्ट्रिक पंप यायला १९९० चं दशक उजाडलं. आता ऑफिसला जाणारी आई पंप करून ठेवते आणि आजी बाटलीने पाजते, तेव्हा ते दूध अंगावरचंच की. उलट वाटी-चमच्याने पावडरचं दूध दिलं तर बाटली कुठे आहे? बाटलीच्या निपलची सवय लागून बाळ अंगावर ओढायला कंटाळतं ही भीती भांड्याची, म्हणून सुरुवातीला वाटी-चमचा किंवा पालाडै सांगतात. जुलाबाची भीती पाण्याची आणि धुण्याची. दूध आटायची भीती बाळाने कमी ओढण्याची, म्हणून वरचं दिलं त्या वेळेलाही थोडं पिळून काढा असं सांगतात. तीन भीती, तीन उपाय. जुन्या बायकांचे शब्द सुटे होते, त्यामुळे त्यांना हे न शिकवता कळत असावं.

२०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, पण घरकाम करणाऱ्या किंवा शेतावर जाणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही. एसटी स्टँडवर आता ‘हिरकणी कक्ष’ असतात. नाव छान दिलंय, पण विचार केला तर हिरकणी ही गडावर लोकांना दूध विकायला गेलेली आणि स्वतःचं तान्हं घरी उपाशी असलेली गवळण होती, बिचारी कामावर अडकली म्हणून तिला कडा उतरावा लागला.

भाचीचं आता दीड महिन्याने बस्तान बसलंय. रात्री सगळं अंगावर, दिवसा दोनदा वरचं, आणि पहिला महिनाभर ते बोंडल्यानेच दिलं, आईने स्वतः काडीला चिंधी लावून खाच कशी पुसायची ते जावयाला शिकवलं आणि तो अजून तसंच पुसतो. परवा डबा संपला तेव्हा आईने सवयीने तो धुतला, उन्हात वाळवला आणि रवा भरायला घेतला, मग हातात फिरवून फिरवून बघत बसली आणि म्हणाली, ‘ह्याच्यावरचं बाळ कुठं गेलं गं?’