शेपटीचा कोन की शेपटीचं क्षेत्रफळ? होमबिल्ट विमानातला ट्रिम आणि स्थिरता यांचा घोळ

होमबिल्ट, म्हणजे हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या विमानाची पहिली काही उड्डाणं झाली की "शेपटीत काहीतरी गडबड आहे" अशी तक्रार हमखास येते. खोदून विचारलं तर त्या एका वाक्यात दोन अगदी वेगळी दुखणी असतात. एकाला सरळ उड्डाणात स्टिक सतत पुढे दाबून धरावी लागते. हात सैल सोडला की नाक वर जातं, वेग कमी होतो आणि विमान आपलं आपण कमी वेगावर स्थिरावतं. दुसऱ्याची स्टिक लोण्यासारखी हलकी आहे, पण झोत लागून नाक वर गेलं की ते तिथंच राहतं, नाहीतर आणखी वर जायला बघतं. पहिल्याचं दुखणं ट्रिमचं, म्हणजे हात सोडल्यावर विमान कोणत्या वेगावर टिकतं याचं; दुसऱ्याचं स्थिरतेचं, म्हणजे ढळल्यावर ते परत येतं का याचं. पहिलं थकवतं, दुसरं जीव घेऊ शकतं. आणि दुसऱ्यावर पहिल्याचा इलाज करणारे लोक मला वारंवार दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

वाटीतली गोटी डोळ्यांपुढे आणा. वाटी टेबलावर कुठे ठेवली आहे, हा ट्रिमचा प्रश्न. वाटी किती खोल आहे, हा स्थिरतेचा. स्टॅबिलायझरचा, म्हणजे शेपटीच्या आडव्या स्थिर भागाचा, कोन बदलून वाटी फक्त सरकते, खोल होत नाही.

स्टिक सतत पुढे दाबावी लागते म्हणजे क्रूझमध्ये (सरळ, एकसारख्या वेगाच्या उड्डाणात) एलेव्हेटरची, म्हणजे स्टॅबिलायझरमागच्या हलत्या भागाची, मागची कडा खाली झुकलेली असते. शेपटीला जास्त उचल हवी आहे आणि ती एलेव्हेटर वाकवून मिळवली जाते आहे. अशा वेळी स्टॅबिलायझरच्या पुढच्या स्पारखाली (आतल्या आडव्या तुळईखाली) पातळ शिम, म्हणजे पट्टी, घालून त्याची पुढची कडा किंचित वर घेतली, की एलेव्हेटर स्टॅबिलायझरच्या रेषेत येतो, हात मोकळा होतो आणि थोडा ड्रॅगही (हवेचा अवरोध) वाचतो. कोनाचं काम एवढंच.

मग पंख आणि शेपटी यांच्यातला कोन वाढवल्याने विमान "स्थिर झालं" असं लोक का म्हणतात? कारण पंख आणि शेपटी यांच्या कोनांतला फरक वाढवला की नाक वर जायला लागतं. ते खाली आणायला मालक बॅटरी पुढे नेतो किंवा नाकात वजन घालतो. त्याने गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि स्थिरता खरोखरच वाढते. काम केलं वजनाने, श्रेय मिळालं कोनाला.

दोन्हींतला फरक हवेत ओळखता येतो. समजा विमान ताशी १६० किमीला ट्रिम केलं. आता स्टिक मागे ओढून वेग १४५ वर आणा आणि तिथेच धरा. विमान स्थिर असेल तर ओढ कायम ठेवावी लागते, आणि सोडली की नाक खाली येऊन विमान १६० कडे परतायला लागतं. ओढच लागली नाही तर स्थिरता संपली आहे. कमी वेग धरायला उलट पुढे ढकलावं लागलं, तर चाचणी तिथेच थांबवून हळुवार उतरा. कंट्रोलमध्ये घर्षण जास्त असेल तर स्टिक अडकून राहते आणि चाचणी फसवते. आधी ते घर्षण काढा.

वाटी खोल करायची तर गुरुत्वमध्य आणि न्यूट्रल पॉइंट (गुरुत्वमध्य मागे सरकत जिथे पोचला की स्थिरता संपते ती जागा) यांतलं अंतर वाढवावं लागतं. हे अंतर पंखाच्या सरासरी कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) साधारण ५ ते १५ टक्के असावं असा प्रघात आहे. शेपटीची ताकद मोजायला एक साधं गुणोत्तर आहे: शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले तिचं गुरुत्वमध्यापासूनचं अंतर, भागिले (पंखाचं क्षेत्रफळ गुणिले कॉर्ड). याला टेल व्हॉल्यूम म्हणतात. छोट्या विमानांत आडव्या शेपटीसाठी तो ०.५ ते ०.७ च्या आसपास असतो.

एक उदाहरण सोडवू. पंख १० चौरस मीटर, कॉर्ड १.२५ मीटर, शेपटी १.८ चौरस मीटर, अंतर ३.५ मीटर. टेल व्हॉल्यूम सुमारे ०.५०. शेपटी २.२ चौरस मीटर केली तर तो ०.६२ होतो. पण पंखामागची हवा खाली वळलेली असते, त्यामुळे शेपटीचा निम्म्याहून कमी परिणाम पदरात पडतो, आणि न्यूट्रल पॉइंट साधारण ५ ते ६ सेंटिमीटर मागे जातो. आता वाढलेल्या शेपटीचं वजन २ किलो धरा. ५०० किलोच्या विमानात ते गुरुत्वमध्य १.४ सेंटिमीटर मागे ओढतं. म्हणजे निव्वळ फायदा चारेक सेंटिमीटर.

याच विमानात १० किलोची बॅटरी सीटमागून इंजिनाकडे अडीच मीटर पुढे नेली, तर गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर पुढे येतो. एकही रिव्हेट न काढता तेवढाच फायदा! म्हणून शेपटीला हात लावण्याआधी वजनकाटा काढावा, असं माझं ठाम मत आहे. मर्यादा एकच: गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर उतरताना एलेव्हेटर पूर्ण वर करूनही नाक उचलत नाही.

शेपटी मोठी करण्याऐवजी ती मागे नेली तर? त्याच ०.६२ साठी अंतर सुमारे ४.३ मीटर करावं लागेल. डॅम्पिंग (नाकाचे हेलकावे शमवण्याची ताकद) मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. क्षेत्रफळ वाढवून ते सुमारे २२ टक्के वाढतं, लांबी वाढवून जवळपास ५० टक्के. आखूड शेपटीची विमानं नाकाशी चंचल का वाटतात, याचं बरंचसं उत्तर इथं आहे. केआर-२ हे आखूड विमान पिचमध्ये (नाक वर-खाली होण्यात) संवेदनशील म्हणून ओळखलं जातं, आणि पुढची केआर-२एस आवृत्ती लांब केलेली आहे. जिम बीड यांच्या बीडी-५ चा नमुना १९७१ मध्ये व्ही आकाराच्या शेपटीने उडाला, स्थिरता अपुरी ठरली आणि शेपटीची रचनाच बदलावी लागली. कोन बदलून ते भागलं नसतं.

उभ्या शेपटीचंही तेच गणित. विमान सतत एका बाजूला वळतं तर रडरवरचा (उभ्या शेपटीच्या हलत्या भागावरचा) छोटा टॅब पुरतो. शेपूट डोलत राहते तर फिनचं, म्हणजे उभ्या स्थिर भागाचं, क्षेत्रफळ वाढवावं लागतं. पाण्यावर उतरण्यासाठी फ्लोट (तरंगते) लावलेल्या बऱ्याच विमानांना पोटाखाली जादा फिन देतात, कारण फ्लोटचा बराच भाग गुरुत्वमध्याच्या पुढे येतो.

मोठ्या शेपटीची खरी धास्ती फ्लटरची, म्हणजे हवेच्या झोतात आपोआप वाढत जाणाऱ्या थरथरीची, आहे. क्षेत्रफळ वाढलं की शेपटीवरचा भार आणि मागच्या फ्युजलाजवरचा (विमानाच्या धडावरचा) पीळ वाढतो, आणि शेपटीची कंपनवारंवारता खाली येते. पूर्वी ज्या वेगाला काही होत नव्हतं, तिथे आता ती थरथरू शकते. एलेव्हेटर बदलला तर त्याचं मास बॅलन्स (बिजागराभोवती वजनाचा समतोल) नव्याने करा, बिजागरं आणि स्पारची जोडणी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि कमाल वेगाची जुनी मर्यादा नव्याने सिद्ध होईपर्यंत रद्द समजा.

त्यानंतर विमान पुन्हा तोला. चाचणी पुढच्या गुरुत्वमध्यापासून, पुरेशा उंचीवर सुरू करा आणि थोडं थोडं वजन मागे सरकवत वर सांगितलेली ओढ दर वेळी नोंदवा. ओढ स्पष्टपणे हलकी व्हायला लागली की थांबा. गुरुत्वमध्याची मागची मर्यादा त्या जागेच्याही पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला, आखा.