दुर्बिणीद्वारे स्त्रीरोग शस्त्रक्रिया : सुरक्षितता आणि गुणवत्ता

पोटाला अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडून, दुर्बीण व लांब दांड्याच्या हत्यारांनी गर्भाशय, अंडाशय किंवा गर्भनलिकांवर केली जाणारी शस्त्रक्रिया. पुण्यात ‘दुर्बिणीतून पिशवी काढली’ हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते. रक्तस्राव कमी, दुखणे कमी, घरी लवकर जाता येते. हे फायदे खरेच आहेत. पण छेद लहान असला तरी आतली शस्त्रक्रिया तेवढीच मोठी असते, आणि ती किती सुरक्षित झाली हे वरच्या व्रणांवरून कळत नाही.

सर्वांत नाजूक क्षण अगदी सुरुवातीचा. गंभीर इजांपैकी जवळपास निम्म्या इजा पोटात पहिली सुई किंवा नळी शिरतानाच होतात, कारण बेंबीच्या आसपास महाधमनी, म्हणजे शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, दोन फाट्यांत विभागलेली असते आणि आतडीही तिथेच असतात. आधीच्या सिझेरियनमुळे आतडी बेंबीमागे चिकटली असण्याची शंका असेल, तर डाव्या बरगडीखाली सुमारे ३ सेंटिमीटरवरून प्रवेश करतात. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. नळ्या बसल्या की दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरच्या आत ठेवायचा असतो.

दुसरा धोका उशिरा उघड होतो. मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी, गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून जाते. रक्तवाहिनी जाळून बंद करताना तिला किंवा आतड्याला उष्णता लागली, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. छिद्र काही दिवसांनी पडते, तोवर बाई घरी पोहोचलेली असते. गॅसमुळे एक-दोन दिवस खांदा दुखणे नेहमीचेच. पोटाचे दुखणे मात्र रोज कमीच व्हायला हवे. ते वाढले, ताप आला, पोट फुगले किंवा लघवी कमी झाली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी थांबणे घातक ठरते. डिस्चार्ज कार्डावर ही लक्षणे मराठीत, रात्रीही उचलला जाईल अशा फोन नंबरासह लिहिलेली असणे ही गुणवत्तेची अगदी साधी खूण आहे.

निर्जंतुकीकरणाकडे रुग्णाचे लक्ष जात नाही, पण भारतात हा प्रश्न ठळक आहे. हत्यारांच्या सांध्यांत रक्त अडकते. ती पूर्ण सुटी करून न धुता रसायनात बुडवली किंवा नंतर नळाच्या पाण्याने विसळली, तर क्षयरोगाच्या कुळातले जंतू टिकून राहतात. जखम आधी छान भरते आणि काही आठवड्यांनी छिद्राच्या जागी गाठ येऊन पाणी वाहू लागते. साध्या प्रतिजैविकांना ते दाद देत नाही, उपचार महिनोन्‌महिने चालतात. लहान नर्सिंग होममध्ये सर्जन व भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, कधी हत्यारांचा सेटही सर्जनच्या गाडीतून येतो. तो कोणी, कुठे, कसा निर्जंतुक केला याची नोंद ठेवण्याची जबाबदारी अशा वेळी नेमकी ठरलेली असायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची १९ मुद्द्यांची तपासयादी निर्जंतुकीकरणाची खात्री आणि हत्यारांची मोजणी दोन्ही मोठ्याने बोलून करायला लावते.

या क्षेत्रात पुण्याचे स्वतःचे स्थान आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची विस्तृत शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करण्याची पद्धत डॉ. शैलेश पुणतांबेकर व सहकाऱ्यांनी २००७ साली ‘पुणे तंत्र’ या नावाने मांडली. मे २०१७ मध्ये त्यांच्याच गॅलेक्सी केअर रुग्णालयात देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण झाले. दात्या आईचे गर्भाशय दुर्बिणीच्या साहाय्याने काढले होते. मात्र २०१८ साली अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत, गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात साडेचार वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के, तर पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के आढळले. त्यानंतर या एका कर्करोगासाठी जगभर पुन्हा पोट उघडण्याकडे कल झुकला. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात दुर्बीण आजही मान्य आहे. सर्जनचा हात कितीही सफाईदार असला तरी प्रत्येक आजारात पुढे काय होते, हे वेगळे मोजावेच लागते.

गर्भाशयातील गाठीचे तुकडे करून बाहेर काढणाऱ्या मॉर्सेलेटर यंत्राबाबतही असेच घडले. लपलेला कर्करोग पोटभर पसरण्याच्या भीतीने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली इशारा दिला. तुकडे करायचेच तर ते पोटात सोडलेल्या बंद थैलीत करावेत, अशी शिफारस पुढे आली.

गुणवत्तेचा पहिला प्रश्न तरीही शस्त्रक्रियेच्या गरजेचाच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी करणाऱ्या २०१९ च्या समितीला ८२,३०९ पैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. औषधे, हार्मोनची कॉपर-टीसारखी साधने, केवळ गाठ काढणे हे पर्याय आधी समजावून सांगणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले, की निदानासाठी दुर्बीण घालण्याची संमती ही गर्भाशय काढण्याची संमती नव्हे, आणि रुग्ण भुलीखाली असताना, जिवाला धोका नसेल तर, नातेवाइकाची सही त्या जागी चालत नाही.

मध्येच रक्तस्राव आवरेना किंवा चिकटलेले आतडे सुटेना, तर पोट उघडणे हा सर्जनचा योग्य निर्णय असतो, अपयश नव्हे. ही शक्यता संमतीपत्रात आधीच लिहावी आणि सही घेण्यापूर्वी त्या बाईला स्वतःला सांगावी.